हौदाच्या गणितापासून विश्वाच्या आरंभापर्यंत

छत्तीसगडची राजधानी रायपूर हे पूर्वापार तळ्यांचे शहर म्हणून ओळखले जाते. तेथील बूढा तालाब हे जुने व विस्तीर्ण तळे आता विवेकानंद सरोवर ह्या नावाने प्रसिद्ध आहे. हा प्रदेश १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत असे, आणि पुढेही १९५६ पर्यंत त्याचा कारभार नागपूर ही राजधानी असलेल्या प्रांतातून चाले. ह्या जुन्या संबंधामुळे रायपुरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. तळ्याकाठच्या ह्या शहरातील विद्यार्थी असो की पुण्या-नागपुरातील असो, अंकगणितातील नळ आणि हौद यांचे उदाहरण त्याच्या चांगलेच परिचयाचे असते. एक नळ हौद चार तासांत रिकामा करतो, तर एका तासात किती पाणी जाईल? ‘एक चतुर्थांश’ हे उत्तर शाळेत बरोबर धरले जाते. परंतु खरा हौद असे उत्तर देत नाही.

हौद भरलेला असताना तळाच्या तोटीतून पाणी जोराने बाहेर पडते. पाणी उतरू लागले की धार मंदावते. इटलीतील शास्त्रज्ञ तोरिचेल्ली याने १६४४ मध्ये ह्या धारेचा नियम प्रसिद्ध केला. धारेचा वेग पाण्याच्या खोलीच्या प्रमाणात नसून खोलीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो, असे तो नियम सांगतो. वरवर किरकोळ वाटणाऱ्या ह्या भेदातच आधुनिक पदार्थविज्ञानातील एका अवघड प्रश्नाचे बीज आहे.

रैखिक आणि अरैखिक

ज्या समीकरणात कारण दुप्पट केले असता परिणाम दुप्पट होतो, आणि ज्याच्या दोन उत्तरांची बेरीज हेही त्याचेच उत्तर ठरते, त्यास रैखिक समीकरण म्हणतात. अशी समीकरणे गणितज्ञास फार सोयीची असतात. मोठा प्रश्न लहान तुकड्यांत फोडावा, एकेक तुकडा सोडवावा आणि उत्तरांची बेरीज करावी, एवढ्याने काम भागते. अरैखिक समीकरणात ही सोय नाहीशी होते. तेथे बेरजेचा नियम चालत नाही, आणि म्हणून सर्व समीकरणांना लागू पडेल अशी एकच रीतही मिळत नाही.

उभ्या भिंतींचा चार मीटर खोल हौद तळाच्या तोटीतून चार तासांत रिकामा होतो असे समजू. पहिल्या तासात त्याची पातळी १७५ सेंटिमीटर उतरते, दुसऱ्या तासात १२५, तिसऱ्यात ७५ आणि चौथ्यात केवळ २५. पहिल्या तासाचा वेग पाहून कोणी त्रैराशिक मांडले, तर उरलेले पाणी सव्वा तासात संपेल असे त्यास वाटेल. प्रत्यक्षात आणखी तीन तास लागतात. त्याच हौदात एकच मीटर पाणी असते, तर ते एका तासात नव्हे, दोन तासांत संपले असते. म्हणजे पाणी चौपट झाले तरी वेळ दुप्पटच लागतो.

मग हे गणित सुटते कसे? त्याची युक्ती साधी आहे. खोलीकडे न पाहता खोलीच्या वर्गमूळाकडे पाहावे. चाराचे वर्गमूळ दोन. ते दर तासाला बरोबर अर्ध्याने कमी होते: २, १.५, १, ०.५ आणि शून्य. जी राशी खोलीच्या रूपात वेडीवाकडी धावत होती, ती वर्गमूळाच्या रूपात सरळ रेषेत चालू लागते. योग्य चल निवडला की काही अरैखिक समीकरणे रैखिक होतात. शाळेत ह्याचा पडताळा सहज घेता येतो. उभ्या बाजूंच्या डब्याला तळाशी बारीक छिद्र पाडावे आणि छिद्रापासून १६, ९, ४ व १ सेंटिमीटर उंचीवर खुणा कराव्यात. पाणी एका खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंत जवळजवळ सारख्याच वेळात उतरताना दिसेल. अगदी शेवटी मात्र थेंब छिद्राशी रेंगाळत असल्याने थोडा फरक पडतो.

पुनःपुन्हा जवळ जाणे

परंतु प्रत्येक समीकरणास अशी युक्ती लागू पडत नाही. ग्रह लंबवर्तुळात फिरतो, तेव्हा अमुक दिवशी तो कोठे असेल हे सांगणारे केप्लरचे समीकरण वरवर साधे आहे. पण त्यातील अज्ञात कोन एकदा स्वतः व एकदा त्याच्या ज्येच्या रूपात येत असल्याने तो बीजगणिताने एका बाजूस काढता येत नाही. अशा वेळी आधी एक अंदाज करावयाचा, त्याची चूक मोजावयाची, चुकीवरून अंदाज सुधारावयाचा आणि हीच क्रिया पुनःपुन्हा करावयाची.

भारतीय ज्योतिषगणितास ही रीत नवी नव्हती. सिद्धान्तग्रंथांत तिला ‘असकृत्कर्म’ म्हटले आहे. असकृत् म्हणजे एकदाच नव्हे, वारंवार. ह्या रीतीचे सामर्थ्य दोनाच्या वर्गमूळावरून दिसून येईल. दीड हा पहिला अंदाज धरला. दोनास दीडने भागले तर १.३३३३ येते. दोहोंची सरासरी १.४१६७ हा दुसरा अंदाज. तीच क्रिया पुन्हा केली की १.४१४२१६ मिळते. खरी किंमत १.४१४२१४ आहे. दोनच पायऱ्यांत पाच दशांश स्थळे हाती आली. अपूर्णांकात मांडल्यास हा तिसरा अंदाज ४०८ छेद व ५७७ अंश असा आहे, आणि बौधायनाच्या शुल्बसूत्रात दिलेली किंमतही तंतोतंत हीच आहे. न्यूटन व रॅफसन यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धती हे ह्याच तत्त्वाचे व्यापक रूप होय. ती आज गणकयंत्रांत वापरली जाते.

बुधाच्या ४३ विकला

तिसरी पद्धती विक्षोभाची. समीकरणातील अरैखिक भाग फार लहान असेल, तर प्रथम तो सोडून द्यावा, सोपे समीकरण सोडवावे, आणि मग त्या लहान भागाचा परिणाम दुरुस्ती म्हणून जोडावा. बुधाच्या कक्षेचा सूर्यास सर्वांत जवळचा बिंदू हळूहळू पुढे सरकतो. इतर ग्रहांची ओढ हिशेबात धरूनही थोडे सरकणे शिल्लक राहते, हे फ्रेंच ज्योतिर्विद लव्हेरिए याने १८५९ मध्ये दाखविले. हे शिल्लक सरकणे शंभर वर्षांत सुमारे ४३ विकला असल्याचे पुढे निश्चित झाले. एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. इतक्या सूक्ष्म फरकाने खगोलशास्त्र अर्धे शतक अडून बसले होते.

१९१५ च्या नोव्हेंबरात आइन्स्टाइन यांनी आपल्या व्यापक सापेक्षता सिद्धान्तातून हे कोडे सोडविले. त्यांच्या सिद्धान्तात ग्रहकक्षेच्या न्यूटनप्रणीत समीकरणास एक लहानसे वर्गपद येऊन मिळते. हे वर्गपद विक्षोभ मानून गणित केले असता नेमक्या ४३ विकला मिळतात. अरैखिकता ही केवळ गणिताची अडचण नसून निसर्गाचा धर्म आहे, हे त्या दिवशी स्पष्ट झाले.

ही अरैखिकता येते कोठून? वस्तुमानामुळे अवकाश-काल वक्र होतो; त्या वक्रतेत ऊर्जा असते; आणि ऊर्जा पुन्हा वक्रता निर्माण करते. गुरुत्वाकर्षण जणू स्वतःच स्वतःचे कारण बनते. म्हणून आइन्स्टाइन यांची दहा समीकरणे एकमेकांत गुंतलेली असून दोन ताऱ्यांच्या क्षेत्रांची नुसती बेरीज करून त्यांचे एकत्र क्षेत्र मिळत नाही.

काशीतील एक उत्तर

ह्या समीकरणांचे पहिले अचूक उत्तर जर्मन ज्योतिर्विद कार्ल श्वार्झशिल्ड यांनी १९१६ मध्ये दिले. तारा सर्व दिशांनी सारखाच गोल आहे, काळानुसार बदलत नाही आणि त्याच्याबाहेर केवळ पोकळी आहे, असे त्यांनी गृहीत धरले. इतकी समरूपता मान्य केली की दहा समीकरणांचा गुंता उलगडतो आणि उत्तरात ताऱ्याचे वस्तुमान ही एकच स्थिर राशी उरते. परंतु खरा तारा प्रकाशतो. प्रकाशाबरोबर ऊर्जा जाते आणि ऊर्जेबरोबर वस्तुमान. आपला सूर्य दर सेकंदास सुमारे ४२ लाख टन वस्तुमान प्रकाशाच्या रूपाने गमावतो. मग ज्याचे वस्तुमान क्षणाक्षणाला घटत आहे आणि ज्याच्याभोवती पोकळी नसून प्रकाशाचा लोट आहे, अशा ताऱ्याचे गुरुत्वक्षेत्र कसे असेल?

ह्या प्रश्नाचे उत्तर भारतात मिळाले. विष्णु वासुदेव नारळीकर हे १९०८ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले गणिती. मुंबईत पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले व तेथे त्यांनी उज्ज्वल यश मिळविले. १९३२ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांच्या निमंत्रणावरून ते काशी हिंदू विश्वविद्यालयात गणित विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले, आणि त्यांच्यामुळे काशी हे सापेक्षता सिद्धान्ताच्या अभ्यासाचे एक पीठ बनले. के. आर. करमरकर यांनी नारळीकरांबरोबर संशोधन केले. वक्र अवकाश-काल पाच मितींच्या सपाट अवकाशात बसविता यावा यासाठी करमरकरांनी १९४८ मध्ये मांडलेली अट आजही घन ताऱ्यांची गणिती प्रतिमाने तयार करताना वापरली जाते.

१९४२ मध्ये प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे सौराष्ट्रातील तरुण गणिती नारळीकरांकडे आले. देशात चळवळीचे आणि जगात महायुद्धाचे दिवस होते. पदरच्या तुटपुंज्या शिलकीवर ते सुमारे दहा महिने सहकुटुंब काशीत राहिले. ह्या वास्तव्यात प्रकाशणाऱ्या ताऱ्याच्या बाह्य क्षेत्राचा प्रश्न त्यांच्यापुढे आला, आणि १९४३ मध्ये ‘करंट सायन्स’ ह्या नियतकालिकात त्याचे उत्तर प्रसिद्ध झाले. जगभर ते ‘वैद्य यांचे उत्तर’ म्हणूनच ओळखले जाते.

त्याचा गाभा पुढील दहा वर्षांत अधिक स्पष्ट झाला. ताऱ्यापासून दूर असलेल्या निरीक्षकाला ताऱ्याचे वस्तुमान आता किती आहे हे कळत नाही. प्रकाशाने तारा सोडला तेव्हा ते किती होते, एवढेच कळते. म्हणून नेहमीच्या काळाऐवजी ताऱ्याबाहेर पडणाऱ्या प्रकाशकिरणांना अनुसरून मोजलेला काळ हा चल घेतला, तर उत्तर आश्चर्यकारक सोपे होते. श्वार्झशिल्ड यांच्या उत्तरात जेथे स्थिर वस्तुमान होते, तेथे ह्या नव्या काळानुसार बदलणारे वस्तुमान लिहावयाचे, एवढेच! हौदाच्या प्रश्नात खोलीऐवजी तिचे वर्गमूळ घेतल्याने जे साधले, तेच येथे काळाचे माप बदलल्याने साधले.

सूर्यापुरते पाहिले तर ही दुरुस्ती नगण्य आहे. सूर्याच्या आजवरच्या सुमारे ४६० कोटी वर्षांच्या आयुष्यात प्रकाशाबरोबर गेलेले वस्तुमान त्याच्या एकूण वस्तुमानाच्या दहा हजारांत सुमारे तीन भाग इतकेच भरते. परंतु १९६३ मध्ये क्वासार ह्या अतितेजस्वी ज्योतींचे स्वरूप प्रथम ध्यानात आले, आणि प्रचंड ऊर्जा बाहेर टाकणाऱ्या, स्वतःच्या भाराने कोसळणाऱ्या वस्तूंचा विचार सुरू झाला. तेव्हा वीस वर्षांपूर्वीचे हे उत्तर संशोधकांच्या हाती तयार होते. पुढे कृष्णविवरांच्या बाष्पीभवनाच्या अभ्यासातही त्याचा उपयोग झाला.

समीकरण न सोडवता मिळालेले उत्तर

आता विश्वाचाच प्रश्न घ्यावा. १९२२ मध्ये रशियन गणिती फ्रीडमन यांनी विश्व सर्वत्र व सर्व दिशांनी सारखे आहे असे मानून प्रसरणशील विश्वाचे उत्तर काढले. त्या उत्तरात भूतकाळात मागे गेल्यास एका क्षणी घनता अनंत होते. ह्या अवस्थेस सिंग्युलॅरिटी म्हणतात. परंतु हा आरंभबिंदू निसर्गातील आहे, की केवळ गणितात गृहीत धरलेल्या अचूक समरूपतेमुळे उद्भवला आहे? सर्व बाजूंनी नेमके केंद्राकडे ढकललेले चेंडू एकाच ठिकाणी आदळतात. थोडे तिरके ढकलले तर एकमेकांना चुकवून निघून जातात. विश्वाचेही तसेच असेल काय?

कलकत्त्यातील अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये ह्या शंकेला हात घातला. समरूपता गृहीत न धरता, द्रव्याच्या कोणत्याही लहान समूहाचे घनफळ कोणत्या दराने वाढते किंवा घटते, याचे समीकरण त्यांनी मांडले. ते अरैखिक आहे. त्यात दराचा वर्ग येतो. परंतु निष्कर्षासाठी ते पूर्ण सोडविण्याची गरज पडत नाही. समूहास स्वतःभोवती फिरण्याची गती नसेल आणि द्रव्याचे गुरुत्व आकर्षकच असेल, तर त्या दराचा व्यस्त घ्यावा. हा व्यस्त काळाच्या किमान एक तृतीयांश वेगाने वाढतच जातो. समजा एखादा समूह आपल्या घनफळाच्या निम्मे दर तासाला ह्या दराने आकुंचन पावत आहे. तेव्हा व्यस्ताची किंमत उणे दोन तास झाली. ती जास्तीत जास्त सहा तासांत शून्यावर येणार. आणि व्यस्त शून्य होणे म्हणजे आकुंचनाचा दर अनंत होणे. आकार वेडावाकडा असल्याने सुटका होत नाही. उलट तशा विकृतीने हा क्षण अधिक लवकर येतो.

ह्याच समीकरणाचा आधार घेऊन रॉजर पेनरोज यांनी १९६५ मध्ये कोसळणाऱ्या ताऱ्यांविषयी, आणि पुढे स्टीफन हॉकिंग यांनी विश्वाच्या आरंभाविषयी सिंग्युलॅरिटीचे सिद्धान्त सिद्ध केले. पेनरोज यांना २०२० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि सिद्धान्त त्याच्या अटींइतकाच बळकट असतो. द्रव्याचे गुरुत्व नेहमी आकर्षकच असते काय? फ्रेड हॉईल आणि विष्णुपंतांचे पुत्र जयंत नारळीकर यांनी १९६० नंतरच्या दशकात नेमकी हीच अट नाकारली. त्यांनी ऋण ऊर्जेचे एक क्षेत्र कल्पून, ज्यास सिंग्युलॅरिटीची बाधा होणार नाही अशा विश्वाचे गणित मांडले. सर्व विश्वाचा एकाच क्षणी आरंभ झाला, ही कल्पना जयंतरावांनी २०२५ मध्ये झालेल्या निधनापर्यंत मान्य केली नाही. बहुसंख्य शास्त्रज्ञांचे मत मात्र वेगळे राहिले. कारण विश्वातील सूक्ष्मलहरी प्रारणाचा उलगडा उष्ण आरंभाच्या कल्पनेने अधिक चांगला होतो.

अटीचा प्रश्न पुढे निराळ्याच वाटेने पुन्हा आला. विश्वाच्या प्रसरणाच्या आजच्या गतीवरून सुमारे १४०० कोटी वर्षे हे काळाचे माप मिळते. गुरुत्व केवळ आकर्षकच असते आणि विश्वात साधे द्रव्यच असते, तर सपाट विश्वाचे वय त्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे ९३० कोटी वर्षे ठरले असते. पण १२०० कोटी वर्षांहून जुने तारे आकाशात आहेत. आणि लेक बापापेक्षा थोरला असू शकत नाही! १९९८ मध्ये दूरच्या स्फोटक ताऱ्यांच्या निरीक्षणांवरून विश्वाचे प्रसरण वेग घेत असल्याचे दिसून आले. विश्वात अपकर्षण करणारा घटक आहे असे मानल्यावर वय १३८० कोटी वर्षांच्या घरात येते व विसंगती नाहीशी होते. म्हणजे आज विश्वात प्रभावी असलेला घटक रायचौधुरींच्या समीकरणातील आकर्षणाची अट पाळत नाही. समीकरण खोटे ठरले नाही; त्यात घालावयाच्या द्रव्याविषयीची आपली समजूत अपुरी ठरली.

यंत्राची मदत

जेथे समरूपताही नाही आणि लहान दुरुस्तीनेही भागत नाही, तेथे गणकयंत्राचा आश्रय घ्यावा लागतो. एकमेकांत विलीन होणारी दोन कृष्णविवरे हे असे उदाहरण होय. अवकाश-काल लहान लहान भागांत विभागून प्रत्येक क्षणाचे गणित पुढच्या क्षणाकडे न्यावयाचे, हे तत्त्व सोपे. पण अरैखिक समीकरणांत लहानशी चूक पाहता पाहता वाढते आणि गणित कोसळते. कित्येक दशकांच्या अपयशानंतर २००५ मध्ये फ्रान्स प्रेटोरियस यांना हे गणित पूर्णत्वास नेता आले. येथेही निर्देशकांची, म्हणजे मोजण्याच्या चौकटीची, योग्य निवड निर्णायक ठरली.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहरी प्रथमच प्रत्यक्ष नोंदल्या गेल्या. सूर्याच्या सुमारे ३६ पट व २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकरूप होऊन सुमारे तीन सूर्यांइतके वस्तुमान लहरींच्या रूपाने निघून गेले होते. गोंगाटातून अशी क्षीण लहर शोधण्यासाठी तिचा आकार गणिताने आधीच माहीत असावा लागतो. आधी आखलेल्या नमुन्यांशी नोंदी ताडून पाहण्याच्या ह्या पद्धतीचा पाया घालण्यात पुण्यातील संजीव धुरंधर व त्यांचे सहकारी यांचा मोठा वाटा आहे. भारतातील अशा वेधशाळेसाठी हिंगोली जिल्ह्याची निवड झाली असून २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिच्या उभारणीस मंजुरी दिली.

ह्या विद्येचे पीठ आता काशी, कलकत्ता वा पुणे येवढ्यांपुरते मर्यादित राहिलेले नाही. पुण्यातील आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र १९८८ मध्ये जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाले, तेच मुळी देशभरच्या विद्यापीठांतील अध्यापकांना व विद्यार्थ्यांना संशोधनाची साधने मिळावीत म्हणून. १९६४ मध्ये रायपूर येथे सुरू झालेल्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातही खगोलभौतिकीचे अध्यापन चालते, आणि पुण्याच्या ह्या केंद्राचे एक साहाय्यक केंद्र तेथे उघडण्यात आले.

ह्या विद्यार्थ्यांपुढे प्रश्नांची उणीव नाही. वाहत्या द्रवाच्या अरैखिक समीकरणांना सर्व परिस्थितींत सुरळीत उत्तर असतेच काय, हे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही. सिंग्युलॅरिटीच्या क्षणी काय घडते, हेही आइन्स्टाइन यांची समीकरणे सांगू शकत नाहीत. आपले राज्य कोठे संपते, एवढे मात्र ती स्वतःच दाखवून देतात. त्या सीमेपलीकडचे समीकरण अजून लिहिले जावयाचे आहे. ते लिहिणाऱ्यास वर्गमूळ, व्यस्त, पुनःपुन्हा सुधारलेला अंदाज आणि योग्य काळाची निवड ही जुनी साधनेच प्रथम हाती घ्यावी लागतील. ती शाळेच्या फळ्यावर शिकता येतात.